कोबीची कीड आणि दाढेची कीड

दिवाळी सरली, की नाशिक जिल्ह्यातील निफाडच्या परिसरात हवा पालटते. सूर्य मावळण्याचा अवकाश, की गारठा जमिनीतून वर यावा तसा अंगाला बिलगू लागतो. गोदावरीच्या खोऱ्यातील हा सपाट, मोकळा मुलूख. उत्तरेकडून येणारे थंड वारे येथे बिनदिक्कत शिरतात. काही वर्षी पारा ५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात राज्यातील सर्वांत थंड ठिकाण म्हणून निफाडचे नाव छापून येते. माणसे कुडकुडतात, गहू आणि हरभरा मात्र याच थंडीवर पोसतात. निफाडच्या कृषी संशोधन केंद्रात निघालेल्या ‘त्र्यंबक’ आणि ‘तपोवन’ या गव्हाच्या जाती आज अनेकांच्या शेतांत उभ्या असतात.

याच परिसरातील एका खेड्यात एक जुने कौलारू घर होते. घरामागे जेमतेम गुंठाभर परस. घरातील आजोबांनी शेती मुलाच्या स्वाधीन केली होती, पण परस मात्र कोणाच्या हाती दिले नव्हते. तेरा वर्षांची नात आणि अकरा वर्षांचा नातू हे त्यांचे दोन मदतनीस. नातीला सारे ताई म्हणत आणि नातवाला बाळ. बाळला हे नाव आताशा आवडत नसे. परंतु घरातील नावे सहजासहजी सुटत नाहीत.

कार्तिकात वाफे तयार झाले. मेथी, पालक, मुळा आणि गाजर यांचे बी थेट वाफ्यात पडले. गाजराची आणि मुळ्याची रोपे एका जागेहून काढून दुसरीकडे लावीत नाहीत, कारण कोवळे मूळ दुखावले, की पुढे त्याला फाटे फुटतात. कोबी, फुलकोबी आणि टोमॅटो यांची तऱ्हा निराळी. त्यांचे बी आधी उंच गादीवाफ्यावर टाकावयाचे आणि रोपे चार-पाच आठवड्यांची झाली, की सायंकाळी ती सरीवर लावावयाची. धणे पेरण्यापूर्वी आजोबांनी ते फरशीवर पसरून पायतणाने हलकेच रगडले. ताईला नवल वाटले. तेव्हा आजोबांनी एक दाणा तिच्या तळहातावर ठेवला. धण्याचा गोल दाणा म्हणजे दोन बियांची जोडी असते. ती वेगळी केली, की उगवण चांगली होते. मेथी तीन-चार दिवसांत वर आली. कोथिंबिरीने मात्र दहा-बारा दिवस वाट पाहावयास लावली आणि तेवढ्या अवधीत बाळने दोनदा माती उकरून पाहिली.

सकाळी कुंपणापाशी शेकोटी पेटे आणि शेजारपाजारची मंडळी हात शेकीत तेथे उभी राहत. हिवाळ्यातील ही बैठक गावातल्या वर्तमानपत्रासारखीच असे. कोणाच्या कांद्याच्या रोपांवर करपा आला, कोणाच्या विहिरीतील पाणी खाली गेले, कोणाची शेळी कोणाच्या हरभऱ्यात शिरली, हे सारे तेथे कळे. आजोबांच्या परसातील अपघातांनाही तेथे तोटा नव्हता. ताईकडून एकदा फाटकाची कडी लावावयाची राहिली आणि शेजारच्या काकूंच्या शेळीने अर्धा वाफा मेथी फस्त केली. काकूंनी सायंकाळी तांब्याभर दूध पाठविले. त्या दुधाला मेथीचा वास येतो, असे बाळ दोन दिवस सांगत फिरत होता.

बाळचा अपघात अधिक मोठा होता. गाजराच्या वाफ्यात खुरपणी करण्याची त्याने मोठ्या उत्साहाने परवानगी मागितली आणि तासाभरात वाफ्याचा एक कोपरा लख्ख करून टाकला. आजोबांनी येऊन पाहिले, तो कुंपणाबाहेर टाकलेल्या ढिगात तण थोडे आणि गाजराची रोपे फार!

“अरे, हे काय केलेस?”

“गाजरगवत काढले, आजोबा.”

त्याची चूक अगदीच अकारण नव्हती. १९५५च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आलेले आणि पुढे देशभर माजलेले हे तण. त्याची पाने गाजराच्या पानांसारखी दिसतात, म्हणून तर लोकांनी त्याला गाजरगवत असे नाव दिले. आजोबांनी दोन्ही रोपे त्याच्या हातात दिली आणि पाने चुरगळून वास घ्यावयास सांगितले. गाजराच्या पानाला गाजराचाच वास येतो. त्याच वेळी त्यांनी हेही बजावले, की गाजरगवत मोठे झाल्यावर उघड्या हातांनी धरू नये. त्याने अनेकांच्या अंगाला खाज सुटते. मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात पुन्हा बी पडले.

मार्गशीर्षाच्या अखेरीस एका सायंकाळी वारा पडला, आकाश निरभ्र झाले आणि आजोबा अस्वस्थ दिसू लागले. अशा शांत, स्वच्छ रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते आणि पहाटेपर्यंत पिकांवर दहिवर गोठण्याची भीती असते. त्यांनी दिवेलागणीपूर्वीच वाफ्यांना पाणी दिले. ओली जमीन दिवसाची ऊब अधिक साठविते आणि रात्री ती हळूहळू सोडते. टोमॅटोच्या रोपांवर त्यांनी जुनी पोती व वाळलेले गवत यांचे आच्छादन केले. दूर द्राक्षांच्या बागांतून शेकोट्यांचा धूर जमिनीलगत पसरला होता. पाणी शेवटच्या दोन सऱ्यांपर्यंत पोचण्याआधीच वीज गेली आणि पंप थांबला. सकाळी त्याच दोन सऱ्यांतील टोमॅटोची पाने उकडल्यासारखी काळी पडली होती. त्यांच्या पलीकडचा कोबी मात्र ताठ उभा होता. तो थंडीचाच गडी.

कोबीचा शत्रू वेगळा. पौष लागता लागता कोबीच्या पानांवर बारीक भोके दिसू लागली. आजोबांनी एक पान उलटून दाखविले. खालच्या बाजूस अर्ध्या बोटापेक्षाही लहान अशी फिकट हिरवी अळी शिरेला चिकटून बसली होती. काडीने स्पर्श करताच ती वळवळली आणि तोंडातून काढलेल्या तंतूला लोंबकळत खाली उतरली. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची ही अळी. वरून पाहणाऱ्याला ती दिसत नाही. पानाची जाळी झाल्यावर सगळ्यांनाच दिसते, पण तेव्हा गड्ड्याच्या कोंबापर्यंत तिने मजल मारलेली असते. कोबीच्या ओळींमध्ये आजोबांनी मोहरीची एक ओळ पेरून ठेवली होती. हा पतंग मोहरीवर अधिक ओढीने अंडी घालतो, त्यामुळे कोबीवरील भार काहीसा हलका होतो. निंबोळ्यांचा अर्कही त्यांनी केला. पन्नास ग्रॅम निंबोळ्यांचा गर कुटून रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवावयाचा, सकाळी फडक्यातून गाळावयाचा आणि त्यात किंचित साबणाचे पाणी मिसळून पानांच्या खालच्या बाजूस फवारावयाचा.

तरीही आजोबांचा खरा भरवसा डोळ्यांवर होता. रोज सकाळी प्रत्येक रोपाची पाने उलटून पाहण्याचे काम त्यांनी बाळला दिले. दहा अळ्या वेचल्या, की एक लिमलेटची गोळी, असा बक्षिसाचा दर ठरला होता. हा प्रघात आदल्या वर्षापासूनचा. बाळची नजर तीक्ष्ण होती. गोळ्यांची त्याला कधी टंचाई पडली नाही. एक गोळी गालात आणि दुसरी खिशात, अशा थाटात त्याची तपासणी चाले. एकदा त्याने माव्याने भरलेल्या पानावरील लाल, ठिपकेदार किडे आणून बक्षीस मागितले. तेव्हा आजोबांनी ते किडे हळूच परत पानावर सोडले. ढालकिडा माव्यावर जगतो. त्याला मारणे म्हणजे आपल्याच राखणदाराला हाकलून देणे होय, हे त्यांनी त्याला सांगितले.

इतक्या बारकाईने कीड शोधणारा हा मुलगा गेले काही आठवडे एक गोष्ट लपवीत होता. त्याच्या खालच्या उजव्या दाढेत कळ येत असे. पहाटेचे थंड पाणी तोंडात घेतले, की ती कळ कानापर्यंत जाई. त्याने डाव्या बाजूने चावावयास सुरुवात केली आणि चूळ कोमट पाण्याने भरू लागला. शेकोटीवर एकदा पलीकडच्या घरातील मामांनी आपला दात उपटल्याची हकीकत रंगवून सांगितली होती. तीत चिमटा होता, रक्त होते आणि दोन माणसांनी मामांना धरून ठेवलेले होते. त्या दिवसापासून बाळने दाढेविषयी अवाक्षरही काढले नाही.

भोगीच्या दिवशी मात्र ते उघडकीस आले. संक्रांतीच्या आदल्या दिवशी येणारा हा सण म्हणजे हिवाळी परसाचाच सण. गाजर, वाटाणा, पावटा, वांगी, हरभऱ्याचे सोले अशी सारी मिसळ भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वर लोण्याचा गोळा. सगळे घर जेवावयास बसले होते. आजीचे लक्ष नातवाच्या गालाकडे गेले.

“बाळ, एकाच बाजूने का रे चावतोस?”

“नाही गं आजी, उगाच.”

आजी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने चिक्कीच्या गुळाचा तिळाचा लाडू त्याच्या हाती दिला आणि त्याच्याकडे पाहत राहिली. बाळने लाडू फोडण्याचा प्रयत्न केला, तोच तो कळवळून उभा राहिला. त्याचे डोळे पाण्याने भरले होते.

मग उपायांची गर्दी झाली. आजीने दाढेत लवंग धरावयास दिली. तिने थोडा वेळ बधिरता आली. काकूंनी मिश्री लावण्याचा सल्ला दिला. मिश्री म्हणजे भाजून काळी केलेली तंबाखू. तिने दात बळकट होतात, हा समज अनेक घरांत आजही आहे, आणि तो सर्वथा खोटा आहे. तिच्यापासून व्यसन लागते आणि तोंडाचा कर्करोगही होऊ शकतो. आजीने तो सल्ला तेथल्या तेथे मोडून काढला. मामांनी रिंगणीच्या बियांची धुरी सुचविली. धुरी घेतली, की दाढेतील किडे पटापटा बाहेर पडतात, असे ते म्हणाले. आजोबांचे मत शांतपणे थांबावे असे होते.

“दुधाची दाढ असेल. या वयात त्या पडतातच. आज ना उद्या हलू लागेल.”

आजी म्हणाली, “पानावर एक भोक दिसले, की तुम्ही रात्रभर निंबोळ्या भिजत घालता. मुलाच्या दाढेला भोक पडले आहे, तर थांबा म्हणता?”

दुसऱ्याच दिवशी आजोबा बाळला घेऊन नाशिकच्या गाडीत बसले. त्याचे मन रमावे म्हणून खिडकीजवळची जागा त्यांनी त्याला दिली. ओझर मागे पडेपर्यंत तो एक शब्दही बोलला नाही.

दंतवैद्य बाईंनी बाळला लांब खुर्चीत बसविले आणि पहिल्याने त्याच्या हातात एक लहान आरसा दिला. दुसरा आरसा त्यांनी त्याच्या तोंडात धरला.

“दिसते का काही?”

“एक काळा ठिपका दिसतो. मोहरीएवढा.”

“बाहेरून मोहरीएवढा. आता आतून पाहू.”

त्यांनी दाढेचे क्ष-किरण चित्र घेतले. पडद्यावर दाढेची दोन मुळे जमिनीत रोवल्यासारखी जबड्यात उतरलेली दिसत होती. त्या मोहरीएवढ्या ठिपक्याच्या खाली एक गडद सावली होती. दाढेच्या मध्यभागी जो गाभा असतो, ज्यात रक्तवाहिन्या आणि शिरा असतात, त्याच्या अगदी जवळ ती पोचली होती. मधली भिंत पातळ उरली होती.

आजोबांनी विचारले, “डॉक्टरबाई, दुधाचीच दाढ ना ही? पडून जाईल?”

“नाही, आजोबा. घोटाळा येथेच होतो,” बाई म्हणाल्या. “दुधाचे दात वीस. ते पडतात आणि त्यांच्या जागी नवे येतात. पण सहाव्या वर्षाच्या सुमारास, कोणताही दात न पडता, सर्वांच्या मागे एक दाढ गुपचूप उगवते. वर दोन, खाली दोन. आईबापांना ती दुधाचीच वाटते. ही ती दाढ. ही गेली, तर हिच्या जागी दुसरी येणार नाही. याला ती सत्तर वर्षे पुरवावयाची आहे.”

आजोबा गप्प झाले. बाळ मात्र एकाएकी सरसावून बसला.

“मला ती कीड पाहावयाची आहे. बाहेर काढल्यावर दाखवाल?”

बाई हसल्या. “कीड कोठे आहे?”

“दाढेत. दाढ किडली आहे ना?”

या प्रश्नाने मुलाला हसू नये. जगातील मोठमोठ्या माणसांनी हजारो वर्षे तोच समज बाळगला होता. दाताच्या पोकळीत एक किडा राहतो आणि तो दात कुरतडतो, अशी समजूत प्राचीन बाबिलोनपासून युरोपपर्यंत सर्वत्र होती. मराठी भाषेनेही तीच समजूत आपल्या शब्दांत जपून ठेविली आहे; पीक किडते आणि दातही किडतो. युरोपातील वैदू खुरासनी ओव्याच्या बियांची धुरी देत. बिया तापून फुटत, त्यांतून पांढरे कोंब बाहेर पडत आणि दुखण्याने बेजार झालेल्या माणसाला ते किडे म्हणून दाखविले जात. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ मध्ये आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने सूक्ष्मदर्शकातून पाहिले, परंतु त्याला किडलेल्या दातांत किडा सापडला नाही. मग दात पोखरतो कोण, याचे समाधानकारक उत्तर मिळावयास १८९० साल उजाडावे लागले. विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने बर्लिनमध्ये प्रयोग करून ते दिले.

बाईंनी ते उत्तर बाळला सोप्या शब्दांत सांगितले. तोंडात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीवाणू असतात. दातांवर त्यांचा चिकट थर बसतो. आपण साखर खाल्ली, की तेही ती खातात आणि तिचे आम्ल बनवितात. दाताचे वरचे कवच, ज्याला एनॅमल म्हणतात, ते शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य; हाडाहूनही कठीण. परंतु आम्लापुढे त्याचे चालत नाही. त्यातील खनिजे विरघळू लागतात. प्रथम एक निस्तेज पांढरा डाग पडतो, पुढे भोक, आणि कवचाच्या आतला भाग मऊ असल्यामुळे तेथे पोकळी वेगाने पसरते.

“मग सगळ्यांचेच दात का किडत नाहीत?” बाळने विचारले.

“कारण तोंडात एक राखणदार असतो. लाळ. ती आम्लाचा जोर मोडते आणि गेलेली खनिजे थोडीथोडी परत आणून भरते. डाग पांढरा असतो तोवर दात पुन्हा सावरू शकतो. पण लाळेला त्यासाठी वेळ मिळावा लागतो, अर्धा तास तरी. तू गोड कधी खातोस?”

बाळने आजोबांकडे पाहिले. आजोबांनी छताकडे पाहिले. अखेर अळ्यांची आणि गोळ्यांची सारी हकीकत बाहेर आली.

“दिवसभर गालात गोळी!” बाई म्हणाल्या. “चार गोळ्या जेवणाबरोबर एकदम खाल्ल्या असत्यास, तर इतके बिघडले नसते. तासातासाने एकेक चघळलास, म्हणून राखणदाराला उसंतच मिळाली नाही.”

त्यांनी हिरडीत सुई टोचली. बाळने खुर्चीचे हात घट्ट धरले. पण मुंगी चावावी तेवढेच त्याला जाणवले. थोड्या वेळात ओठाची उजवी बाजू जड आणि परकी वाटू लागली. ते औषध होते लिग्नोकेन. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये ते तयार झाले, आणि मामांच्या हकीकतीतील दोन धरणारी माणसे त्याच्यासारख्या औषधांनी अनावश्यक करून टाकली.

“दुखले, तर डावा हात वर कर. मी तत्क्षणी थांबेन,” बाईंनी सांगितले.

बधिरता पुरती येईपर्यंत त्या त्याच्याशी बोलत राहिल्या. सध्या पाकिस्तानात असलेल्या बलुचिस्तानात, बोलन खिंडीच्या पायथ्याशी, मेहरगढ नावाचे एक प्राचीन खेडे उत्खननात सापडले आहे. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तेथील लोक गहू आणि जव पेरीत. भारतीय उपखंडातील ही अगदी आरंभीची शेती. तेथील दफनभूमीत नऊ माणसांच्या अकरा दाढा अशा मिळाल्या, की त्यांना गारेच्या टोकदार पात्याने छिद्रे पाडलेली होती. त्यांतील काही दाढांवर किडीच्या खुणाही होत्या. मण्यांना भोके पाडणारे कुशल कारागीर त्या गावात होते. बहुधा त्यांचेच ते हत्यार. २००६ मध्ये संशोधकांनी हे जाहीर केले, तेव्हा जगाला आश्चर्य वाटले. त्याहून विशेष म्हणजे त्या छिद्रांच्या कडा पुढील चावण्याने झिजलेल्या होत्या. म्हणजे ती माणसे त्यानंतरही जगली आणि त्याच दाढांनी जेवली. धान्याची शिजवलेली पिठूळ अन्ने दातांना चिकटतात. माणूस शेतकरी झाला, तसा दातांचा हा रोगही वाढला, असे संशोधक मानतात.

“त्यांनाही सुई दिली होती?” बाळने जड जिभेने विचारले.

“छे! त्यांच्यापाशी सुई कोठली? त्यांनी ते सोसले. आणि आपल्याकडे हे शास्त्र शिकविणारे महाविद्यालय तरी कोठे फार जुने आहे? डॉ. रफीउद्दीन अहमद अमेरिकेत शिकून आले आणि त्यांनी १९२० मध्ये कलकत्त्यास देशातील पहिले दंतमहाविद्यालय काढले. त्यापूर्वी दात दुखला, तर बहुतेकांना चिमटा हाच उपाय होता. आता तोंड उघड.”

यंत्राचा आवाज मोठा होता, पाण्याचा फवारा गार होता, पण दाढेत कळ आली नाही. एकदा बाळने डावा हात वर केला. बाई लगेच थांबल्या. त्याला दुखले नव्हते. त्या खरोखर थांबतात की नाही, एवढेच त्याला पाहावयाचे होते. बाईंनी ते ओळखले आणि काही न बोलता काम पुढे चालविले. पोखरलेला मऊ भाग निघाला. गाभ्यावरील पातळ भिंत शाबूत राहिली. तिच्यावर औषधाचा थर बसला आणि वर दाताच्याच रंगाचे भरण. आणखी काही आठवडे गेले असते, तर ती भिंत फुटली असती, असे बाईंनी आजोबांना निराळे बोलावून सांगितले. बधिरता उतरेपर्यंत काही चावावयाचे नाही, नाही तर आपलाच गाल चावला जाईल, ही सूचना बाळसाठी होती. सकाळी आणि रात्री निजण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावयाचे. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून रात्रीचे घासणे चुकवावयाचे नाही, ही सूचना दोघांसाठी होती.

घरी पोचताच बाळने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि अर्धे पाणी सदऱ्यावर सांडले, कारण ओठाचा ठाव त्याला लागत नव्हता. ताई हसून लोळली. आजीने मऊ भात कालवून दिला. सायंकाळपर्यंत ओठ ठिकाणावर आला.

माघात पहिली गाजरे निघाली. बाळने खुरपून मोकळ्या केलेल्या कोपऱ्यातील गाजरे अजून करंगळीएवढीच होती. उरलेल्या वाफ्यातील वीतभर लांब झाली होती. त्यांतील एक धुऊन त्याने उजव्या बाजूने कडाडून चावले आणि सर्वांना तो आवाज ऐकविला. अळ्यांच्या बक्षिसाचा दर आता बदलला होता. दहा अळ्यांना मूठभर भाजलेल्या शेंगा.

कोबीचे गड्डे काढण्याच्या दिवशी बाळने शेवटच्या ओळीतील पाने उलटून पाहिली आणि वहीत नोंद केली. मग त्याच्या मनात काय आले कोण जाणे. दवाखान्यातून येताना मागून आणलेला लहान आरसा त्याने खिशातून काढला.

“आजोबा, आ करा बघू.”

“अरे, माझे काय पाहतोस? माझे बरेचसे गेलेच आहेत.”

“आ करा.”

आजोबांनी तोंड उघडले. बाळने शेतात पाने उलटावी तितक्या शांतपणे एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत पाहिले.

“वरची डावी. हिरडीपाशी काळे आहे. थंड लागते ना तेथे?”

आजोबा काही बोलले नाहीत. गेली दोन वर्षे तेही चूळ कोमट पाण्याने भरीत होते, हे फक्त आजीला ठाऊक होते, आणि ती दारात उभी राहून ऐकत होती.

पुढच्या बुधवारी नाशिकच्या गाडीत खिडकीजवळची जागा बाळने आजोबांना दिली. ओझर मागे पडले, तेव्हा त्याने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितले, “दुखले, तर डावा हात वर करायचा, आजोबा. त्या खरोखर थांबतात.”